बाकी एक युरो पंच्याहत्तर

सोमवारी सकाळी मी पावावर चीजचे काप ठेवत होते आणि टेबलावरचा फोन एकदाच थरथरला. पडद्यावर एव्हर्टचं नाव. हात तिथेच थांबला, कारण एव्हर्ट फोनवरून काही पाठवणाऱ्यांतला नव्हे. त्याचा फोन कपाटातल्या मोजे ठेवायच्या खणात पडलेला असतो, बहुतेक वेळा मेलेला. निरोप उघडला. ‘ऑक्टोबर. कॉफी, सफरचंदाचा केक. निम्मे. दहा युरो पंच्याहत्तर सेंट.’ आणि खाली ते निळं बटण, आत्ता द्या. बस्स, एवढंच. कशी आहेस नाही की काही नाही. आमच्या ॲम्स्टरडॅममध्ये असे निरोप येतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. खालच्या मजल्यावरची बाई वाढदिवसाला बोलावते आणि दुसऱ्या दिवशी वाइनच्या ग्लासाचे पैसे मागते. टाइस, आमचा मुलगा, नाताळचं जेवण झालं की सव्वीस तारखेला सकाळी नऊच्या आत हिशेब पाठवतो आणि मी सव्वानवाच्या आत भरते. फिटंफाट. हिशेब चोख तर मैत्री चोख, असं इथे पोरांना पाढ्यांबरोबर शिकवतात. पण एव्हर्टने मागावेत? मला? कॉफीचे? मला असा राग आला, असा राग आला की चार मिनिटांत मी बटण दाबून मोकळी झाले. घे म्हटलं, घे तुझे दहा पंच्याहत्तर आणि बस मोजत. पडद्यावर हिरवी खूण उमटली, आणि ती उमटल्याबरोबर मला ती परत घ्यावीशी वाटली.

लग्न मोडलं त्याला सव्वीस वर्षं झाली. मोडलं म्हणजे भांडीकुंडी आपटून नाही. मोडलं ते कंटाळ्याने आणि एका दुसऱ्या बाईने, आणि ती बाईही दोन वर्षांत निघून गेली. तो हार्लेमला राहायला गेला, तिथल्या संग्रहालयात नाण्यांची कपाटं सांभाळायला. मी इथेच राहिले, विद्यापीठात पैशाचा इतिहास शिकवत. पोरगं चौदाचं होतं, त्याच्यासाठी म्हणून महिन्यातून एकदा भेटायचं ठरलं, पहिल्या गुरुवारी, जुन्या वेशीजवळच्या कॅफेत. पोरगं मोठं झालं, झ्वोल्लेला नोकरीला गेलं, त्याला स्वतःची पोर झाली, आणि आम्ही दोघं पहिल्या गुरुवारी वेशीजवळ जातच राहिलो. एक महिना त्याने द्यायचे, एक महिना मी. ठरवून नाही. पहिल्या वेळी त्याने दिले, मी पाकीट काढलं, तर तो म्हणाला, “राहू दे, पुढच्या वेळी तू दे.” झालं. तेव्हापासून आम्ही कधीच बरोबरीत नव्हतो. नेहमी कुणीतरी एक जण दुसऱ्याचं देणं लागत होता, आणि देणं लागतो म्हणून यायलाच हवं होतं. बाहेर गारा पडोत, ट्राम बंद असो, त्याच्याशी गेल्या खेपेला कितीही वाजलेलं असो. देणेकरी आला नाही तर लोक काय म्हणतील? आता मी ते दहा पंच्याहत्तर भरून टाकले होते, आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा आमचं एकमेकांकडे काहीही निघत नव्हतं. पाव तसाच राहिला. चीजच्या कडा सुकून वळायला लागल्या तरी मी तिथेच बसलेले.

मला हे कळायला हवं होतं, दुसऱ्या कुणाला नसतं कळलं तरी. जन्मभर मी दुसरं शिकवलं काय? चारशे वर्षांपूर्वी इटलीत पिआचेन्झाला वर्षातून चार वेळा एक जत्रा भरायची, तिच्यावर माझा प्रबंध आहे. जत्रा म्हणायची, पण तिथे ना लोकर, ना मिरी, ना घोडे. पन्नास-साठ पेढीवाले, प्रत्येकाच्या काखेत एक चोपडी. अख्ख्या युरोपच्या हुंड्या तिथे यायच्या. तुझं माझ्याकडे एवढं, माझं त्याच्याकडे तेवढं, त्याचं तुझ्याकडे. आठ दिवस बसून एकातून एक वजा करत जायचे आणि राजांच्या फौजा पोसतील एवढ्या रकमा जागच्या जागी जिरायच्या. नाणं जवळजवळ दिसायचंच नाही. शेवटी जी थोडी बाकी उरायची ती सोन्यात द्यायची, नाहीतर पुढच्या जत्रेवर न्यायची. मला ते ‘पुढच्या जत्रेवर’ फार आवडायचं. एका पेढीवाल्याचं पत्र सापडलं होतं मला, त्यात त्याने लिहिलं होतं, बाकी पुढच्या जत्रेवर नेऊ, म्हणजे गाठही पडेल. त्या एका वाक्यावर मी चाळीस पानं लिहिली. पैसा म्हणजे धातू नव्हे, पैसा म्हणजे न फिटलेलं काहीतरी, दोन माणसांच्या मधलं. पूर्ण फिटलं की माणसं उठून आपापल्या घरी जातात. एव्हर्टने तो प्रबंध वाचला, तेव्हा आमचं लग्न नुकतंच झालं होतं, आणि शेवटचं पान मिटून म्हणाला, “आलेइदा, त्या माणसाकडे पैसे नव्हते गं. एवढंच आहे ते.” मी दोन दिवस बोलले नाही त्याच्याशी.

त्याचं सगळं खणखणीत. नाणं तळहातावर घ्यायचा, डोळे मिटून वजन सांगायचा, आणि बहुतेक वेळा बरोबर असायचं. तो म्हणायचा, शब्द फिरतो, सही खोटी होते, राजे टांकसाळीत चांदी कमी घालतात आणि वर स्वतःचं तोंड छापतात. दिलं आणि संपलं असं काहीतरी माणसाला लागतं की नाही? मी म्हणायचे, तुला संपवायचीच घाई. आमची भांडणं ही अशी. लोकांच्या घरी सासूवरून होतात, आमच्या घरी चांदीवरून. या शहरातल्या जुन्या पेढीत व्यापारी नाणी ठेवायचे आणि वहीतला आकडा घेऊन जायचे, आणि तो नुसता आकडा बाजारात नाण्यापेक्षा महाग विकला जायचा, हे मी त्याला दर वर्षी ऐकवायचे. तो म्हणायचा, कारण खाली तळघरात नाणी आहेत असं सगळ्यांना वाटत होतं म्हणून. दोन हजार दोन साली आमचा जुना गिल्डर जाऊन युरो आला त्या सकाळी त्याने दाढी केली नाही. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी कॅफेत आला तो खुंट वाढवून, आणि नवं युरोचं नाणं टेबलावर वाजवून म्हणाला, “ऐक, पत्र्यासारखं वाजतं.” मी हसले. त्याला खरंच वाईट वाटलं होतं हे मला घरी आल्यावर कळलं. मला सगळं घरी आल्यावरच कळतं, हा माझा जुना रोग.

दिलं आणि संपलं. मी कोट चढवला. हार्लेमची गाडी वीस मिनिटांची, पण त्या वीस मिनिटांत मी ऑक्टोबरचा गुरुवार पुन्हा पुन्हा काढून बघितला. एव्हर्ट बारीक दिसत होता. गळपट्टा सोडला नव्हता. पोट बिघडलंय म्हणाला, मी म्हटलं म्हाताऱ्यांची पोटं बिघडायचीच. पाळी त्याची होती. केकचे दोन तुकडे, दोन कॉफ्या, नेहमीसारखंच. आणि मग, कप रिकामा झाल्यावर, त्याने हात वर करून आणखी एक कॉफी मागवली. एव्हर्टने! ज्याच्या घरी कॉफीबरोबर एकच बिस्किट मिळतं आणि मग डब्याचं झाकण बंद, त्याने. सव्वीस वर्षांत दुसरा कप कधी नाही. मला विचारलं, “तू?” मी घड्याळ बघितलं. वाचनालयाचं पुस्तक परत करायचं होतं, पाचला बंद होतं ते. म्हटलं, “मला नको, मला निघायचंय.” तो म्हणाला, “बरं.” कॉफी आली. तो तिच्यात चमचा फिरवत बसला, साखर न घालता. मी निघाले तेव्हा तो पीत होता. काचेतून मी हात केला, त्यानेही केला. पुस्तक परत करायला आणखी दोन दिवस होते, हे मला वाचनालयात गेल्यावर कळलं.

दार त्याने उघडलं, पण भिंतीला धरून. गालांची हाडं वर आली होती आणि स्वेटरच्या आत माणूस सापडत नव्हता. खोलीत गेले तर नाण्यांची कपाटं उघडी, रिकामी, हिरव्या मखमलीत नुसते गोल खड्डे. पुस्तकं खोक्यांत. टेबलावर एक कागद, रेघा मारलेला, त्याच्या बारीक अक्षरात नावं आणि पुढे खुणा. न्हावी. वर्तमानपत्र. तळमजल्यावरचा पुस्तकवाला, तीन युरो. सगळ्यांपुढे खूण. माझ्या नावापुढेही, ताजी.

“लगेच भरलेस,” तो म्हणाला. “मला वाटलं होतं, संध्याकाळपर्यंत तरी कुरकुर करशील.”

“कधी?” मी विचारलं. दुसरं काही विचारायला उरलंच नव्हतं.

“बुधवारी. साडेदहाला येतील डॉक्टर. इच्छामरणाच्या अर्जावर दोघा डॉक्टरांच्या सह्या झाल्यात, कायद्याप्रमाणे सगळं रीतसर आहे. इंजेक्शन असतं. दुखत नाही म्हणतात. आत्ता दुखतंय त्याहून तर नाहीच.” तो खुर्चीत हळूहळू उतरला. “स्वादुपिंड. ऑगस्टपासून.”

“बुधवारी. आणि गुरुवारी आपला गुरुवार.”

“डॉक्टरबाईंना गुरुवारी सुट्टी असते,” तो म्हणाला, आणि आम्ही दोघं हसलो, मेल्यासारखं, पण हसलो. मग मी विचारलं टाइसला माहीत आहे का. माहीत होतं. सहा आठवडे. फोनमध्ये ते पैसे मागायचं त्यानेच बसवून दिलं होतं, बाबांना सगळं नीट चुकतं करायचंय म्हणून. या सहा आठवड्यांत टाइसने मला एकदा फोन केला होता, माझ्या विम्याच्या कागदाबद्दल. बोलला नाही. बाबांनी सांगितलं होतं बोलू नको, आणि तो सांगितलेलं ऐकणारा मुलगा. माझं डोकं फिरलं. रडायचं सोडून मी भांडायला लागले, कारण त्याच्यापुढे मला तेवढंच येतं.

“मला सांगायचं नाहीस तू? मी कोण? न्हाव्याच्या आणि पुस्तकवाल्याच्या मधलं एक नाव?”

“सांगणार होतो की. तुला वाचनालयात जायचं होतं.”

त्याने हे टोमणा म्हणून म्हटलं नाही, म्हणून जास्त लागलं. मी खिडकीशी गेले. खाली एक माणूस सायकलला पंप मारत होता. मारतोय, बोटाने चाक दाबून बघतोय, पुन्हा मारतोय. मला वाटलं, आता मागे वळून हात धरावा त्याचा, बाकीच्या बायका धरतात तसा. पण सव्वीस वर्षं ज्याला फक्त टेबलापलीकडून बघितला त्याचा हात धरायचा कसा, हे माहीत नव्हतं. आणि तो मागून म्हणाला, थकलेल्या, समाधानी आवाजात, “चला. आता कुणाचं काही राहिलं नाही. फिटलं.” पूर्वीच्या पाद्रीबुवांचं म्हणणं होतं की व्याज घेणारा वेळ विकतो आणि वेळ तर देवाचा, तेव्हा ते चोरीचं. मी वर्गात हे सांगायचे आणि पोरं हसायची. त्या खिडकीशी मला वाटलं, चोरीचा तर चोरीचा, कुणी विकत असेल तर मी घेईन. बचत, पेन्शन, सगळं घ्या. गुरुवारपर्यंतचा द्या. मग मी वळले.

“फिटलं कसं? हिशेब चुकलाय तुझा.”

“काय?”

“दोन केक, साडेपाचप्रमाणे अकरा. कॉफी तीन. तीन, एव्हर्ट, दोन नव्हे. साडेदहा. एकवीस पन्नास, त्याचे निम्मे तू माझ्याकडून घेतलेस. पण तिसरी कॉफी तू एकट्याने प्यालास. माझ्या वाट्याला नऊ येतात. तू मला एक पंच्याहत्तर देणं लागतोस.”

त्याचे ओठ हलले, तो मनात हिशेब करत होता. नाणी तोलण्यात जन्म गेलेला माणूस, आकडा चुकला हे त्याला मरतानासुद्धा खपणार नव्हतं. “बरोबर आहे,” तो म्हणाला. “छे. बरोबर आहे तुझं.” आणि उठायला लागला. पाकीट कोटात होतं. मी म्हटलं बस. तो म्हणाला, नाही, एक पंच्याहत्तर आहेत माझ्याकडे सुटे. मी म्हटलं, मला नकोत आत्ता.

“नकोत म्हणजे? घेणेकऱ्याला नाही म्हणता येत नाही. दिलेलं नाणं घ्यायलाच लागतं.”

“पुढच्या वेळी दे.”

“आलेइदा,” तो म्हणाला. माझी नजर त्याच्या हातांवर होती, ते मांडीवर उघडे पडले होते, वजन करायला बसल्यासारखे. मग त्याने कागद ओढला, पेन घेतलं, आणि माझ्या नावापुढची खूण खोडली. रेघ सरळ आली. त्यापुढे बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि कागद उलटा ठेवला. “बुधवारी येऊ नकोस,” म्हणाला. “तू वाद घालशील त्यांच्याशी.” मी म्हटलं, घालणारच. मग मी कॉफी केली. डब्यातून एकेक बिस्किट काढलं आणि सवयीने झाकण लावलं, तो म्हणाला, “राहू दे उघडं.” आम्ही चार चार बिस्किटं खाल्ली. म्हणजे मी सात खाल्ली, त्याने एक. निघताना मी त्याच्या गालाला गाल लावले, तीनदा, आमच्याकडे लावतात तसे. तो अगदी हलका झाला होता.

बुधवारी साडेदहाला मी खिडक्या धूत होते. पुढच्या, मग मागच्या, मग पुन्हा पुढच्या. अकरा वाजून पाच मिनिटांनी टाइसचा फोन आला. “झालं,” म्हणाला. “शांत होते.” मी विचारलं, तू कसा आहेस? “ठीक. खूप कागद आहेत,” म्हणाला आणि ठेवला. गुरुवारी मी वेशीजवळ गेले नाही. ट्राममध्ये बसले आणि दोन थांबे अलीकडे उतरून चालत परत आले. सांगायला लाज वाटते, पण मला तेव्हा त्याची आठवण येत नव्हती, मला एकटेपणाची भीती वाटत होती. अशी, जशी लहानपणी पोहण्याच्या तलावात पाय टेकले नाहीत की वाटायची. कुणी माझं काही लागत नाही, मी कुणाचं लागत नाही. घरभाडं बँकेतून परस्पर जातं. विजेचं जातं. अख्खं शहर माझ्याशी चोख वागत होतं.

डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी टाइसचा फोन. मी दचकलेच. “अगं आई, बाबांची यादी मिटवतोय मी. एक ओळ राहिली आहे, मला काही कळत नाही. वाचतो. ‘आलेइदा. एक युरो पंच्याहत्तर. टाइसने द्यावेत. घाई नाही.’ घाई नाही, असं लिहिलंय. बाबांनी! आणि पुढे कंसात, दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी आठवण करावी. हे काय आहे?”

मी खुर्ची शोधली आणि बसले. जन्मभर मला वेड्यात काढलं या माणसाने. त्याच्याकडे पैसे नव्हते गं, म्हणाला. आणि स्वतःकडे सुटे पैसे असताना त्याने बाकी पुढच्या जत्रेवर नेली. पिआचेन्झावर मी चाळीस पानं लिहिली होती, त्याने एका ओळीत मान्य केलं, आणि तेही मी समोर नसताना.

“कॉफीचे आहेत,” मी म्हटलं.

“मग निरोप पाठव ना फोनवर, लगेच भरतो.”

“पाठवते.”

पाठवला नाही. जानेवारीत फोन आला, “अगं, ते एक पंच्याहत्तर राहिलेत.” म्हटलं, विसरले बघ. “तू विसरतेस?” म्हणाला, आणि मग, फोन ठेवायचा सोडून, पोरीचा दात पडल्याचं सांगितलं. फेब्रुवारीत चिडला. “आई, दीड दोन युरोंसाठी मी तुझ्यामागे किती लागू?” लाग, म्हटलं, तुझ्या बापाने सांगितलंय. मग तो म्हणाला, बुधवारी त्या खोलीत बाबा शेवटी काय म्हणाले माहीत आहे? आणि तो रडायला लागला, चाळीस वर्षांचा माणूस, आणि आम्ही पाऊण तास बोललो. काय म्हणाले ते मी इथे सांगत नाही, ते टाइसचं आहे.

मार्चच्या पहिल्या गुरुवारी तो गाडीने आलाच, पोरीला घेऊन नाही, एकटा. ॲम्स्टरडॅममध्ये काम होतं म्हणाला, नव्हतं. जेवणाच्या टेबलाशी कोट न काढता उभा राहिला, नवीनच खरेदी केलेलं पाकीट उघडलं, आणि दोन युरोचं नाणं माझ्यापुढे ठेवलं. “रोख,” म्हणाला. “बाबांना बरं वाटलं असतं. दे पंचवीस सेंट परत आणि घाल खूण एकदाची.” मी नाणं हातात घेतलं. डोळे मिटून वजन करायचा प्रयत्न केला, मला काही ते जमत नाही. माझी पर्स खुर्चीच्या पाठीला टांगलेली होती आणि तिच्यात वीस सेंटचं एक नाणं होतं आणि पाचची तर चार-पाच होती. सकाळी पाववालीकडून आणलेली.

“मोड नाही रे माझ्याकडे,” मी म्हटलं. “पंचवीस सेंट मी तुझं देणं लागते.”

“बरं,” तो म्हणाला, आणि कोट काढायला लागला. “पुढच्या महिन्यात दे.”